ओखालचं टिंब

लागोस, ४ मार्च १९२६, गुरुवार

टिंबं संपली. अंक मात्र गेला एकदाचा.

संपादकसाहेबांचा अग्रलेख या खेपेला दीड पान! राजा, लेकरं, दिवस, शब्द – आमच्या योरुबा भाषेत महत्त्वाचं जे जे म्हणून आहे त्यात खाली टिंब असलेला ओ येतोच, आणि फादायरोसाहेब महत्त्वाचं सोडून दुसरं काही लिहीत नाहीत. छपाईचे खिळे इंग्लंडहून येतात. ओखालचं टिंब इतकं नाजूक की चार वेळा दाब बसला की तुटलंच. खिळ्यांच्या केसमध्ये धड बेचाळीस उरले होते. सगळे अग्रलेखानं खाल्ले. वाचकांची पत्रं नेहमीप्रमाणे शेवटी जुळवली, त्यामुळे त्यांच्या वाट्याला बोडके ओ.

वाचणाऱ्याला कळतंच. चोवीस वर्षं खिळे जुळवतोय, चोवीस वर्षं कळत आलंय.

६ मार्च, शनिवार

नाही कळलं!

ताई बाजारातून आली ती दाराशीच बसली. हसून हसून डोक्याचं फडकं सुटलेलं. मला वाटलं हिला उन्हाचं काहीतरी झालं. म्हणते, "आकान्नी, अरे काय छापलंस! मिरचीवाल्या बायकांनी मास्तरांकडून तीनदा वाचून घेतलं!"

पत्र आबेओकुटाच्या मादाम सेलिना यांचं. कापड निळीत रंगवण्याचा धंदा. हस्तलिखित काढून पाहिलं – भाचीकडून लिहवून घेतलेलं, सुरेख अक्षर, टिंबं सगळी जागच्या जागी. चूक माझी. इथं लिहूनच ठेवतो, म्हणजे जन्मात विसरणार नाही: टिंबासकट 'ऑकॉ' – नवरा. बोडका 'ओको' – शेत. पहिलीतल्या पोरालाही हे येतं!

बाईनं नवरा शोधायला पत्र घातलं होतं. आम्ही छापलं त्यातला थोडा भाग असा:

"माझं शेत नऊ वर्षांपूर्वी रेल्वेच्या कामावर उत्तरेला गेलं ते परत आलं नाही. शेत उंच आहे. समोरच्या दातांत फट आहे. डाव्या पायानं जरा लंगडतं. चर्चमध्ये सगळ्यांच्या वर आवाज काढतं. कुणाला माझं शेत दिसलं तर त्याला सांगा, घर रोज झाडून ठेवते."

मला हसू येईना. आता लिहिताना आलं. देवा, क्षमा कर.

८ मार्च, सोमवार

साहेबांनी बोलावलं. चष्मा कपाळावर – म्हणजे गंभीर.

"ओलुगबिले, त्या बाईनं नऊ वर्षं वाट पाहिली, आणि तुम्हाला दोन टिंबं सापडली नाहीत?"

"दोन नाही साहेब. पत्रात तो शब्द सातदा आहे. चौदा टिंबं."

"हिशेब नका सांगू!"

मी म्हणणार होतो की तुमच्या अग्रलेखातला एक परिच्छेद कमी असता तर भागलं असतं. पुढच्या अंकात चूकभूल छापायची ठरली.

११ मार्च, गुरुवार

चूकभूल छापली. 'नवरा' हा शब्द ठळक, टिंबांसकट. कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

१८ मार्च, गुरुवार

टपालात सतरा पत्रं. सगळी शेताविषयी!

कादुनाचा एक रेल्वेचा गार्ड – "बाई, तुमचं शेत मी मागच्या महिन्यात ताडी पिताना पाहिलं. बरीच ओल होती." इलेशाचे मास्तर – "शेताला पाय फुटल्याचं शास्त्रात कुठंही आढळलं नाही, तरी शाळेतली पोरं चौकशी करताहेत." इबादानची एक गृहस्थीण – "ताई, माझं शेत घरातच आहे पण दिवसभर आडवं पडलेलं असतं. बदली करायची का?"

हे वाचताना साहेबांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला, मग खाली पडला. काचेला चीर गेली, तरी हसणं थांबेना.

२३ मार्च, मंगळवार

मादामचं पत्र आलं. सगळं उतरवून घेतो, कारण मूळ कागद साहेब ठेवून घेणार:

"संपादकांना नमस्कार. ज्यानं माझी टिंबं गिळली त्याला नमस्कार नाही. मी याच पेपरात तीनदा 'नवरा हरवला' म्हणून छापून आणलं. एकाही माणसाचं उत्तर आलं नाही. नवरे हरवतातच, त्यात वाचण्यासारखं काय! आता शेत हरवलं तर माझ्या दाराशी रोज चार माणसं. काल पाद्रीबाबांनी प्रार्थनेत शेताचं नाव घेतलं आणि गाणारे हसले. मग मीही हसले. नऊ वर्षांत या गोष्टीवर पहिल्यांदाच हसले. तेव्हा टिंबं घालू नका. राहू दे चूक. लोक शोधतायत, शोधू दे. मात्र गिळणाऱ्याला सांगा, पचली नसतील तर ओवा खा."

दोनदा वाचलं. मग उभ्यानंच आणखी एकदा.

२५ मार्च, गुरुवार

पत्र पहिल्या पानावर! अग्रलेख दुसऱ्या पानावर गेला. फादायरोसाहेब स्वतः म्हणाले, "आज मला काही सांगायचं नाही, आज तिला बोलू दे." मी या माणसाला कधीकधी कमी लेखतो.

खरं सांगायचं तर इंग्रजी पेपरात गव्हर्नर बोलतो, गोदीचे साहेब बोलतात, बोटी बोलतात. आमच्यात नीळवाल्या बोलतात. खिळे तेच, शाईही तीच. पण मी हे पत्र जुळवताना एकटाच बडबडत होतो म्हणे, मशीनवाला सांगत होता.

९ एप्रिल, शुक्रवार

ईस्टरमुळे लिहिणं राहिलं. आज मजा झाली.

सरकारी कचेरीतला दुभाषा आला. कडक कॉलर, हातात आमचे तीन अंक, लाल पेन्सिलीच्या खुणा. तो आमचा पेपर इंग्रजीत उतरवून साहेबलोकांना देतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीवरून सध्या वातावरण तापलेलं, त्यामुळे गोऱ्या साहेबांना संशय आलेला. प्रश्न लिहूनच आणले होते: शेत नेमकं कुणाच्या मालकीचं? ते उत्तरेला गेलं म्हणजे कुणी बळकावलं का? 'रोज झाडून ठेवते' हा काही इशारा आहे का?

फादायरोसाहेब अगदी शांत. "साहेबांना कळवा, शेताच्या दातांत फट आहे."

"तेच तर विचारतायत, फट म्हणजे सीमेवर का?"

बिचारा! कळत त्यालाही सगळं होतं. त्याचीही आजी योरुबाच बोलते. पण इंग्रजीत टिंब नाही, सांगणार कसं? शेवटी आम्ही तिघं हसत सुटलो. जाताना हळूच म्हणाला, "पुढच्या अंकात काही आलं तर आधी मला सांगा हं, बायको विचारते."

२९ एप्रिल, गुरुवार

ती आली.

अंक मशीनवर चढलेला. मी हातभर काळा. दारात एक बाई – उंच, भरदार, कोपरापर्यंत निळे हात. माझ्या वयाची असेल, चाळिशीपलीकडची. बगलेत कापडाचा गठ्ठा. कुणाकडे न पाहता मोठ्यानं, "टिंबं कोण खातो इथं?"

सगळ्यांनी "मिस्टर ओलुगबिले!" म्हणत माझ्याकडे बोट दाखवलं. लगेच! चोवीस वर्षांची दोस्ती!

मी म्हणालो, "मादाम, माझं चुकलं. मी –"

"तुम्ही? मला वाटलं कुणीतरी जाडा असेल."

मग म्हणाली, दाखवा ते टिंब. मी केसमधून खिळा काढून तिच्या तळव्यावर ठेवला. निळ्या तळहातावर शिशाचा एवढासा तुकडा. तिनं उजेडाकडे धरला, नखानं चाचपला. "एवढंसं? याच्यासाठी माझा नवरा शेत झाला?" मी म्हणालो, हो, एवढंसंच असतं. तिला लिहिता येत नाही, अक्षरं ओळखीची नाहीत, पण हे एक अक्षर ती बराच वेळ पाहत राहिली. टिंब तुटलेला एक खिळा पडून होता, तो मी तिला देऊन टाकला. तिनं तो कनवटीला लावला.

तेवढ्यात ताई माझं जेवण घेऊन आली – पानात बांधलेली मक्याची एको आणि चवळीचे वडे, अकारा – आणि सवयीनं ओरडली, "आकान्नी, गार होतंय!" मेल्यासारखं झालं. हे आईनं ठेवलेलं लाडाचं नाव, ताईशिवाय कुणी घेत नाही. इथं मी मिस्टर ओलुगबिले आहे. मादाम माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं का, मिस्टर ओलुगबिले, खाऊन घ्या. पोटात टिंबांशिवाय काही दिसत नाही." ताईनं तिला तिथंच बसवून घेतलं आणि माझ्या अकाऱ्यातले निम्मे दिले!

जाताना एक पंचा देऊन गेली. गडद निळा, त्यावर पांढरे ठिपके. "चौदा आहेत," म्हणाली, "मोजून घ्या."

३० एप्रिल, शुक्रवार

मोजले. चौदाच.

१३ मे, गुरुवार

'मादाम सेलिनाचं शेत' हे आता सदर झालंय. झारियात दिसलं, सेकोंडीच्या गोदीत दिसलं, एकानं तर जहाजावर चढताना पाहिलं. ही सगळी पत्रं तिला पाठवायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. पाकिटात मी दोन ओळी घालतो. ती भाचीकडून चार घालते. गेल्या वेळी विचारलं होतं – पंचा वापरता की कोनाड्यात ठेवलाय? कोनाड्यात ठेवलाय. तिला कसं कळलं?

२१ मे, शुक्रवार

ताई – "सात वर्षं झाली तुझी बायको जाऊन. हल्ली दाढी रोज करतोस."

मी – "उकडतं म्हणून."

ताई – "उकडतं! लागोसात आत्ताच उकडायला लागलं वाटतं!"

बोलण्यात हिच्यापुढे कुणी टिकायचं नाही.

पण इथं लिहायला काय हरकत. मला ती आवडते. तिचं बोलणं आवडतं, निळे हात आवडतात, मोठ्यानं विचारायची पद्धत आवडते. आणि दर आठवड्याला मी तिच्या नवऱ्याचा शोध खिळाखिळा जुळवून गावोगाव पाठवतो. सापडू नये असं वाटतं. लिहिलं बघ! सापडू नये असं वाटतं.

१० जून, गुरुवार

सापडला.

मिन्नाहून पत्र. जंक्शनवर कोळसा भरण्याच्या कामावर आहे. खरं आहे की लबाडी, असा प्रश्नच येत नाही – तिच्या घरामागच्या निळीच्या रांजणांची संख्या लिहिलीय, तिच्या आईचं नाव, तिच्या भुवईवरची खूण.

"मीच ते शेत. गार्डच्या डब्यात कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचत होता, सगळे हसत होते, मीही हसलो, आणि 'घर रोज झाडून ठेवते' आलं तेव्हा उठून बाहेर गेलो. मला लाज वाटते. सेलिनाला सांगा, तिचा नवरा जिवंत आहे. तिला यायचं असेल तर यावं. – एलायजा."

टपाल आता मीच फोडतो. पत्र माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. एप्रनच्या खिशात ठेवलं.

११ जून, शुक्रवार

साहेब म्हणाले, "काय ओलुगबिले, शेताची काही खबर?"

"काही नाही साहेब."

खोटं बोललो. किती सोपं गेलं!

१२ जून, शनिवार

टपालात पत्रं गहाळ होतातच. छापखान्यात तर रोज होतात. जुळणीच्या दगडाखाली, शिसं वितळवायच्या भट्टीत, मशीनखाली. कुणाचाही दोष नसतो.

मिन्नाचा तो माणूस पुन्हा लिहिणार नाही. नऊ वर्षांत एक पत्र लिहिणारा माणूस दुसरं लिहायला आणखी नऊ लावील.

१३ जून, रविवार

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. परत आलो तर ताईनं एप्रन धुवायला काढलेला, पत्र टेबलावर. तिला वाचता येतं – हळू, पण येतं. वाचलं होतं.

ती तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "टिंब गिळलंस ते चुकून. म्हणून ती हसली. हे गिळलंस तर?"

"ताई, मला –"

"ठाऊक आहे रे, आकान्नी. मला काय दिसत नाही?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, आई फिरवायची तसा. मी चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. रडलो.

१४ जून, सोमवार

साहेबांना सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला. ओरडले नाहीत. म्हणाले, "आधी तिच्या हातात पडू दे. गावानं तिच्या आधी वाचलं तर तिला काय वाटेल?" मूळ पत्र सकाळच्या गाडीनं आबेओकुटाला धाडलं. पाकिटात माझ्या दोन ओळी या खेपेला घातल्या नाहीत. काय लिहिणार!

१६ जून, बुधवार

तिची तार. "छापा टिंबांसकट."

१७ जून, गुरुवार

एलायजाच्या पत्रात आणि वर साहेबांनी लिहिलेल्या मजकुरात मिळून 'नवरा' अकरा वेळा. बावीस टिंबं. पत्रांचं पान सगळ्यात आधी जुळवलं. धड टिंबं तिथं लावली, आणि कमी पडली तिथं बोडक्या ओखाली पूर्णविराम तासून बसवले, एकेक. दुपारभर तेच केलं. एकही शेत शिल्लक ठेवलं नाही. अग्रलेखाला बोडके ओ. साहेबांनी प्रूफ पाहून नुसती मान हलवली.

छपाई स्वच्छ आली. माझ्या हातून इतकं स्वच्छ काम याआधी झालं नव्हतं.

२४ जून, गुरुवार

सदर बंद. वाचकांची अभिनंदनाची पत्रं. दुभाष्याची बायको रडली म्हणे.

२८ जून, सोमवार

आबेओकुटाहून आलेला कागदवाला सांगत होता – मादाम सेलिना स्टेशनवर दिसली. उत्तरेच्या गाडीत चढली. नवी वस्त्रं, डोक्यावर गठ्ठा, पोचवायला अर्धी गल्ली.

बरं झालं. नऊ वर्षं घर झाडलं तिनं. बरंच झालं.

१ जुलै, गुरुवार

अंक गेला. इंग्लंडहून नवे खिळे आले. टिंबाचे ओ दोनशे! आता हवेत कुणाला.

७ जुलै, बुधवार

ताईनं न विचारता कोनाड्यातला पंचा काढून धुतला, वाळवला, घडी करून परत ठेवला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. दाढी तीन दिवसांची.

१५ जुलै, गुरुवार

पाकीट. संपादकांच्या नावे नाही, माझ्या नावे. भाचीचं अक्षर नाही – मोठमोठी वाकडी अक्षरं, रेघ सोडून खाली उतरणारी, आणि प्रत्येक ओखाली टिंब. जिथं नको तिथंही!

"आकान्नी, शेत पाहून आले. तिथं दुसऱ्या दोघींनी पेरलंय, पीक बरं आहे, पाच पोरं. मी भांडले नाही, फक्त घर झाडायचं बंद केलं म्हणून सांगून आले. माझ्या थोरल्या भावाशी तुला बोलायचं असेल तर शनिवारच्या गाडीनं ये. हे छापू नकोस."

'या' नाही. 'ये' लिहिलंय.